पाडव्याचं स्टिअरिंग

गाडीचं स्टिअरिंग बदलायची वेळ माणसावर तीन कारणांनी येते. जुनं मोडलं म्हणून, पैसा उतू चालला म्हणून, नाहीतर वय पंचविशीचं आहे म्हणून. आप्पासाहेब शेजूळ यांना यातलं एकही कारण लागू नव्हतं. जुनं स्टिअरिंग ठणठणीत होतं, पेन्शन पाटबंधारे खात्यातल्या हेडक्लार्कची होती आणि पंचविशी उलटून चाळीस वर्षं झाली होती. तरी त्यांनी ते बदललं. त्यानंतर वर्षभर जे काही झालं त्याला कारण म्हणून ते खालच्या मजल्यावरच्या तात्यासाहेब दांडग्यांकडे बोट दाखवतात. अशा वेळी आपल्याकडे वळणारी बाकीची तीन बोटं त्यांना दिसतात, पण त्यांबद्दल ते बोलत नाहीत.

तात्यासाहेब एसटीतून निवृत्त झालेले. स्टँडवरच्या खिडकीत बसून तीस वर्षं त्यांनी गाड्या सोडल्या, स्वतः एकही चालवली नाही. त्यामुळे गाडी या विषयावर त्यांचं मत कायम तयार असायचं. सिडकोतल्या त्या बारा बिऱ्हाडांच्या सोसायटीचे ते सेक्रेटरी, आणि सकाळचा चहा फाटकापाशी खुर्ची टाकून प्यायची त्यांची रीत. कन्नडच्या बाजाराच्या दिवशी आप्पासाहेबांची पांढरी मारुती फाटकातून निघायची, तेव्हा चालवायला आशाबाई असायच्या आणि शेजारी मांडीवर रिकाम्या पिशव्यांची चळत घेऊन आप्पासाहेब. तात्यासाहेब कप खाली ठेवायचे, फाटकाच्या गजावर चमचा दोनदा वाजवायचे आणि ओरडायचे, "डबल बेल! जाऊ द्या!"

पहिल्यांदा आप्पासाहेब मनापासून हसले. पाचव्यांदा तोंडदेखले हसले. मग ही डबल बेल सोसायटीत पसरली. गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या बायका ती तोंडानं द्यायला लागल्या. एकीनं तर वरून विचारलं, "आप्पासाहेब, बायकांना अर्धं तिकीट तुमच्या गाडीत पण आहे का नाय?" हेडक्लार्क म्हणून ज्या माणसानं तीस वर्षं इंजिनिअरांच्या फायली अडवून धरल्या, त्याला लोक आता कंडक्टर म्हणत होते.

इथं एक खुलासा केला पाहिजे. आप्पासाहेब काही बुरसटलेले नव्हते. त्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या वेळी आशाबाई गाडी शिकल्या, आणि क्लासची फी आप्पासाहेबांनीच हौसेनं भरली होती. महिला दिनाला ऑफिसात त्यांनी दोनदा भाषणही केलं होतं, त्यातल्या एका वेळी टाळ्या पडल्या. त्यांची अडचण वेगळीच होती. आशाबाई त्यांच्यापेक्षा चांगली गाडी चालवायच्या. जुन्या रस्त्यानं कन्नडला जाताना दौलताबादला किल्ल्याच्या तटाचा दगडी दरवाजा लागतो. त्यात एका वेळी एकच गाडी मावते आणि आत शिरताच वळावं लागतं. तिथं आप्पासाहेब आधी थांबायचे, मग आरशात बघायचे, मग घाम पुसायचे, आणि तोवर मागे पंधरा गाड्या बोंबलायला लागायच्या. आशाबाई बहिणीकडच्या कुणाच्या तरी लग्नाची गोष्ट सांगता सांगता, वाक्य न तोडता, एका हातानं त्या दरवाजातून गाडी पार करायच्या. हे सुख बायकोचं आहे म्हणून आपलंही आहे, असं आप्पासाहेब स्वतःला समजावत. ते समजत नसे.

कन्नडला आशाबाईंची थोरली बहीण राहायची, चतुराबाई. नवरा गेलेला, मुलगा बन्सी पुण्याला, आणि दोन्ही गुडघे कामातून गेलेले. घरातून मोरीपर्यंत जाताना तिला भिंत धरावी लागायची. पण आठवड्यातून एक दिवस आशाबाई तिला पुढच्या सीटवर बसवत आणि गाडी हळूहळू भर बाजारातून नेत. मग चतुराबाईचा दरबार भरायचा. काच खाली करून ती हाक मारायची आणि भाजीवाल्या टोपल्या घेऊन गाडीपाशी यायच्या. ती शेंग मोडून बघायची, वांगं नखानं टोचायची, भावावरून भांडायची, कुणाच्या सुनेला दिवस गेलेत याची चौकशी करायची. आप्पासाहेब मागच्या सीटवर मेथीच्या जुड्यांत बसलेले असत. दोन तासांनी घरी परतताना चतुराबाई म्हणायची, "आशे, आठ दिवसांची झाली बघ बेगमी." ती भाजीबद्दल बोलत नसायची, हे मागे मेथीत बसलेल्या माणसालाही कळायचं.

तर गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी आप्पासाहेब जालना रोडला मोहियोद्दीनच्या दुकानात वायपरचं रबर घ्यायला गेले. पुढे दुकान, मागे गॅरेज, मालक आणि मिस्त्री एकच. चिकलठाण्यातल्या कारखान्यांत कामाला जाणारी अर्धी पोरं त्याच्याकडून सीट कव्हरं घ्यायची. तिथं भिंतीवर ते टांगलेलं होतं. घेरानं लहान, काळ्या चामड्याला लाल शिवण, आणि मधल्या गोल बटणावर उडी घेतलेलं एक चंदेरी जनावर. आप्पासाहेबांनी ते हातात घेतलं. ते धरल्यावर आपले खांदे रुंद झाले असं त्यांना वाटलं. हे धरून बसलेल्या माणसाला कुणी डबल बेल देणार नाही, हेही त्याच क्षणी त्यांच्या मनात आलं.

मोहियोद्दीन मात्र धंद्यापेक्षा कामाला जपणारा होता. त्यानं स्टिअरिंग त्यांच्या हातातून परत घेतलं. "साब, एक बात बोलूं? तुमची गाडी पॉवरवाली नै. हे छोटं बसवलं की वळवायला लई भारी जाते. जवान पोरं खेचतात. तुमच्या घरात आणखी कोण चालवते का? भाभी वगैरा?"

दुकानात तेव्हा पाटबंधारे खात्यातला एक जुना सहकारी उभा होता. कदाचित तो नसता तर उत्तर वेगळं आलं असतं. आप्पासाहेब अजूनही तो तिथं होता यावर बराच भर देतात.

"छे," ते म्हणाले. "गाडी मीच चालवतो."

"मग हरकत नै," मोहियोद्दीन म्हणाला.

पाडवा साडेतीन मुहूर्तांतला एक, त्यामुळे भटजींना विचारायची गरज नव्हती. गरज होती ती मोहियोद्दीनला फुरसत असण्याची, आणि ती नेमकी नव्हती. शोरूममधून निघालेल्या नव्या गाड्यांची त्याच्या दारात रांग लागली होती, कुणाला मॅट, कुणाला हॉर्न, कुणाला मागच्या काचेवर आईवडिलांची नावं. आप्पासाहेबांना मुहूर्त हवा होता. मोहियोद्दीन म्हणाला, उद्या या, नीट निवांत बसवतो. आप्पासाहेब म्हणाले, पाडव्याचं काम पाडव्यालाच झालं पाहिजे. त्यानं दोन गाड्यांच्या मधे ते बसवून दिलं. बसवलं ते थोडं तिरकं. गाडी सरळ चालली की चंदेरी जनावर कुशीवर झोपायचं, आणि जनावर उभं राहिलं की गाडी फूटपाथकडे निघायची. शिवाय आतली हॉर्नची वायर कुठंतरी चिमटली गेली, त्यामुळे डावीकडे जास्त वळवलं की हॉर्न आपणहून वाजायचा.

सोसायटीत तपासणी झाली. तात्यासाहेबांनी खिडकीतून मान घालून स्टिअरिंग पाहिलं आणि निकाल दिला, "स्टिअरिंग लहान असलं की गाडी मोठी वाटते. आमच्या डेपोत होतं असं एकदा." एसटीच्या कुठल्या डेपोत असं स्टिअरिंग होतं ते त्यांनी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. जनावर वाघ आहे की बोका, यावर दोन मजले दोन मतांचे झाले. आशाबाईंनी ओवाळलं, हळदीकुंकू लावलं, आणि बोटानं लाल शिवण चाचपून म्हणाल्या, "छान आहे की. माझ्यासाठी आणलं?"

"मग काय," आप्पासाहेब म्हणाले.

जुनं स्टिअरिंग पिशवीत होतं. ते तात्यासाहेबांनी मागून घेतलं. सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीच्या व्हॉल्व्हचं चाक वर्षभरापूर्वी तुटलं होतं आणि आठवड्यातून एकदा पाणी आलं की तात्यासाहेब पक्कड घेऊन त्या दांड्याशी झटायचे. त्यांनी वेल्डर बोलावला आणि मारुतीचं स्टिअरिंग व्हॉल्व्हवर पक्कं करून टाकलं. नारळ फोडला. पाण्याच्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी उकिडवे बसून ते फिरवायचे तेव्हा खरोखर गाडी चालवल्यासारखे दिसायचे, आणि तीस वर्षांत राहून गेलेलं काहीतरी त्यांना मिळाल्याचं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसायचं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी आप्पासाहेब म्हणाले, "आज मी घेतो." आशाबाई पिशव्या घेऊन शेजारी बसल्या. फाटकात डबल बेल झाली नाही. तात्यासाहेबांनी नुसता कप उंचावला. आप्पासाहेबांच्या आयुष्यातला तो एक उत्तम क्षण होता आणि तो पडेगावपर्यंत टिकला.

दौलताबादच्या दरवाजात ते शिरले आणि समोरून एसटी आली. मागे ट्रॅव्हल्सची बस. मधे आप्पासाहेब. डावीकडे घ्यायला हवं होतं. त्यांनी डावीकडे ओढलं, अर्धं वळलं, आणि हॉर्न सुरू झाला. तो थांबेना. दगडी दरवाजात हॉर्नचा आवाज चारी बाजूंनी परत येतो, हे त्या दिवशी त्यांना कळलं. एसटीचा ड्रायव्हर खिडकीतून म्हणाला, "काका, वाजवून काय व्हतंय? वळवा की!" वेरूळला निघालेले पर्यटक उतरून फोटो काढायला लागले. आप्पासाहेबांनी दात खाऊन ओढलं, खांद्यात कळ आली, स्टिअरिंग हलेना आणि हॉर्न थांबेना.

"सरका," आशाबाई म्हणाल्या.

त्यांनी नेहमीसारखा एक हात स्टिअरिंगवर ठेवला आणि फिरवला. ते फिरलं नाही. त्या जरा चमकल्या. दुसरा हात लावला. मग पाय रोवले, पाठ सीटला टेकवली आणि कणकेचा मोठा गोळा मळावा तसा सगळा जीव हातांत आणून ओढलं. गाडी निघाली, पण दरवाजाच्या दगडाला आरसा करकरत गेला. पाच वर्षांत आशाबाईंच्या हातून गाडीला ओरखडा आलेला नव्हता. पलीकडे पिंपळाखाली त्यांनी गाडी थांबवली, वायर उपटून हॉर्न बंद केला आणि आपले तळवे बघत बसल्या. दोन्ही तळवे लाल झाले होते.

"अहो," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "हातात ताकदच राहिली नाय वो माझ्या."

आप्पासाहेबांना सगळं माहीत होतं. मोहियोद्दीनचे शब्द त्यांना तसेच्या तसे आठवत होते. आत्ता, या पिंपळाखाली, एका वाक्यात सांगून टाकण्यासारखं होतं. पण ते एक वाक्य बोललं की लगेच दुसरं विचारलं जाणार होतं, आणि दुसऱ्याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं.

"ऊन लई आहे आज," ते म्हणाले.

पुढे दोन महिने आशाबाईंनी झुंज दिली. माघार घेणारी ती बाई नव्हती. पण कन्नडच्या बाजारात गाडी वळवायला त्यांना चारदा मागे-पुढे करावं लागायचं आणि टोपलीवाल्या बायका आशेनं बघत उभ्या राहायच्या. एकदा आप्पासाहेबांनी घेतली तर ती कांद्याच्या ढिगावर गेली. काच खाली करून चतुराबाईनं कांदेवाल्याची समजूत काढली आणि मग वळून एवढंच म्हणाली, "आप्पासाहेब, तुम्ही आपलं मागं मेथीत बरं दिसता." संध्याकाळी परतताना आशाबाईंचा उजवा खांदा दुखायचा. त्या तो दाबत बसायच्या.

मग सोसायटीत उपचारांची लाट आली. आपल्याकडे दुखणं सांगितलं की ऐकणाऱ्याला आधी स्वतःचं आठवतं आणि मग त्यावरचं औषध. पहिल्या मजल्यानं तिळाचं तेल सांगितलं, दुसऱ्यानं मोहरीचं. तात्यासाहेबांनी बिब्बा सांगितला, आणि डेपोत एकाला बिब्ब्यानं कसा फोड आला तेही सांगितलं. गुलमंडीच्या एका दुकानातून तांब्याचं कडं आलं. डॉक्टरांनी कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या आणि हसून म्हणाले, "वय झालं मावशी." त्या दिवशी आशाबाई घरी आल्या आणि खूप वेळ स्वयंपाकघरात काहीच करत नव्हत्या. मग भाकरीची मोठी परात उतरवून त्यांनी माळ्यावर टाकली आणि बाजारातून एक निळा रबरी चेंडू आणला. बोटांना व्यायाम म्हणून संध्याकाळी टीव्हीसमोर बसून त्या तो दाबायच्या. चेंडू बारीक आवाज करायचा. मालिकेत कुणी कुणाला विष घालत असो की लग्न करत असो, आप्पासाहेबांना फक्त तो आवाज ऐकू यायचा.

त्यांनी मनातल्या मनात कबुलीचा मसुदा अनेकदा तयार केला. तीस वर्षांची सवय असल्यानं तो टिपणीच्या भाषेतच व्हायचा. विषय: स्टिअरिंगच्या जडपणाबाबत वस्तुस्थिती. संदर्भ: आपलं दि. अमुकचं तोंडी गाऱ्हाणं. उपरोक्त विषयान्वये सविनय कळविण्यात येते की, सदर दोष आपल्या हातांचा नसून... इथपर्यंत यायचं आणि पुढे पेन चालायचं नाही. कारण पुढे "खालील सही करणाऱ्याच्या" असं लिहावं लागत होतं. फाईल मनातच प्रलंबित राहिली. दुसऱ्याची प्रलंबित फाईल आणि आपली प्रलंबित फाईल यांत केवढा फरक असतो, ते त्यांना निवृत्तीनंतर सात वर्षांनी कळलं.

जून उजाडायच्या आत आशाबाईंनी किल्ली खुंटीला अडकवली. "आता तुम्हीच चालवा. माझ्यानं व्हत नाय." आप्पासाहेबांना पाहिजे होतं ते मिळालं. पण त्या दरवाजातून जायची हिंमत त्यांच्यात उरली नव्हती, आणि कांद्याचा ढीग सारखा डोळ्यांसमोर यायचा. कधी टायरात हवा कमी निघाली, कधी आभाळ भरून आलं, कधी त्यांची पाठ धरली. आठवड्याचे पंधरा दिवस झाले, पंधराचा महिना झाला. दोनदा आशाबाई अर्ध्या तिकिटात एसटीनं जाऊन आल्या. पण एसटी बाजारातून हळूहळू जात नाही आणि काच खाली करून थांबतही नाही. चतुराबाई दारापाशी खुर्चीत बसून रस्ता बघायची, आणि बहीण पायी येताना दिसली की म्हणायची, "चालत आलीस व्हय? बरं बरं. हातांना जप."

दिवाळीच्या आधी बन्सी आला आणि आईला पुण्याला घेऊन गेला. त्याचंही चुकलं नव्हतं. घरात एकटी बाई, मावशीची गाडी बंद, कुणाच्या भरवशावर ठेवणार? कन्नडचं घर त्यानं भाड्यानं देऊन टाकलं. चतुराबाईचा पाचव्या मजल्यावरून फोन आला, तो आशाबाईंनी स्पीकरवर ठेवला. "इथं लई सोय आहे गं आशे. भाजीसुद्धा मोबाईलवर येती. पोरगा पिशवी दारात ठिवतो अन् जातो. वांगं कसलं आहे ते घरात आल्यावर कळतं." मग म्हणाली, "बोलायला कोणी नाय एवढंच."

फोन ठेवल्यावर आशाबाई म्हणाल्या, "माझे हात गेले नसते तर ती राहिली असती."

आप्पासाहेब उठून पाणी प्यायला गेले. पाणी पिऊन झाल्यावरही ते तिथंच उभे राहिले.

डिसेंबरात गाडीला पंधरा वर्षं पूर्ण झाली आणि नोंदणीचं नूतनीकरण आलं. आप्पासाहेब कागदांचा गठ्ठा घेऊन, प्रत्येकाच्या दोन छायाप्रती साक्षांकित करून आरटीओत गेले. निरीक्षक तरुण होता आणि सभ्य होता, हे जास्त वाईट. त्यानं दार उघडलं, चंदेरी जनावराकडे पाहिलं आणि विचारलं, "काका, हे कंपनीचं नाही ना?"

"नाही, पण त्यापेक्षा भारीतलं आहे."

"मूळचं बसवून आणा. असा फेरफार चालत नाही."

आप्पासाहेबांनी नियम क्रमांक विचारला. निरीक्षकानं तो सांगितला. आप्पासाहेबांनी तो लिहून घेतला, कारण आणखी काय करायचं ते सुचेना. मग निरीक्षकानं अर्जावर शेरा मारला: त्रुटीची पूर्तता करून फेरसादर करावे. अगदी हाच शेरा आप्पासाहेबांनी हयातभर हजारो अर्जांवर मारला होता, आणि त्यात काही अपमानकारक आहे असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

मूळचं स्टिअरिंग व्हॉल्व्हवर होतं. ते मागितल्यावर तात्यासाहेबांनी सर्वसाधारण सभा बोलावली. अकरा बिऱ्हाडं हजर राहिली, कारण विषय पाण्याचा होता. आप्पासाहेबांनी बाजू मांडली. तात्यासाहेब म्हणाले, वस्तू सोसायटीच्या मालकीची झालेली आहे, नारळसुद्धा फुटलेला आहे. एक जण म्हणाला, गाडी वर्षभर उभी राहिली तरी कोणी मरत नाही, पाणी एक दिवस चुकलं तर बघा. ठराव दहा विरुद्ध एक मतानं नामंजूर झाला. ते एक मत आप्पासाहेबांचं. आशाबाईही सभेत होत्या. त्यांनी मत दिलंच नाही. "मला काय करायचंय आता स्टिअरिंगशी," त्या म्हणाल्या आणि चेंडू दाबत वर गेल्या.

शेवटी मोहियोद्दीननं भंगारातल्या एका तसल्याच गाडीचं स्टिअरिंग आणून बसवलं. या वेळी मुहूर्त नव्हता, गर्दी नव्हती, त्यामुळे सरळ बसलं. आप्पासाहेब दुकानाबाहेर निघाले, पहिलं वळण आलं, आणि गाडी इतकी अलगद वळली की त्यांना पुढच्या कोपऱ्यावर बाजूला थांबावं लागलं. मागून मोहियोद्दीन हात हलवत होता. त्याला वाटलं, साहेब खूश झाले.

घरी येईपर्यंत त्यांचं ठरलं होतं. आज सांगायचं. जेवणाआधी सांगायचं होतं, पण वरण फोडणीला होतं. जेवताना सांगायचं होतं, पण आशाबाईंनी त्या दिवशी नेमकी त्यांच्या आवडीची शेवग्याची आमटी केली होती. जेवणानंतर चेंडू सुरू झाला.

"आरटीओचं झालं का काम?" आशाबाईंनी टीव्हीवरची नजर न काढता विचारलं.

"जुन्यासारखंच बसवलं परत," आप्पासाहेब म्हणाले. आणि वाक्य तिथं संपवलं. उद्या सकाळी आंघोळ करून, स्वच्छ मनानं, सगळं सांगायचं असं ठरवून ते झोपले.

सकाळी ते आंघोळीला बसले आणि खाली टँकर आला. त्या आठवड्यात पाणी आलंच नव्हतं. टँकरला टाकीपर्यंत जायला वाट नव्हती, कारण आप्पासाहेबांची गाडी मधे. तात्यासाहेब खालून ओरडले, "आप्पासाहेब, गाडी काढा! टँकरवाला निघाला परत!" आप्पासाहेबांच्या डोक्याला साबण. ते आतून "आलो, आलो" म्हणत राहिले. खुंटीवरून किल्ली निघाल्याचा आवाज त्यांना ऐकू आला. कमरेला पंचा गुंडाळून ते तसेच जिन्यावरून धावले.

आशाबाई गाडीत बसल्या होत्या. सहा महिन्यांनी. त्यांनी पदर खोचला, दोन्ही पाय रोवले, दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं, ओठ आवळले आणि सगळी ताकद लावून ओढलं. गाडी गर्रकन वळली आणि भिंतीपासून वीतभर अंतरावर आशाबाईंनी ब्रेक मारला. बघणाऱ्या बायका ओरडल्या. टँकरवाला उडी मारून बाजूला झाला.

आशाबाई हलल्या नाहीत. त्यांनी एक हात खाली घेतला. दुसऱ्या हातानं स्टिअरिंग डावीकडे नेलं, उजवीकडे आणलं. मग नुसत्या तीन बोटांनी. मग एका बोटानं.

आप्पासाहेब खिडकीपाशी पोहोचले. कानात साबण, अंगावरून पाणी गळतंय, वरती सगळ्या गॅलऱ्या भरलेल्या. एरवी या अवताराची त्यांना मेल्याहून मेल्यासारखं वाटावं इतकी लाज वाटली असती. त्या वेळी ती त्यांच्या लक्षातही आली नाही.

"हात बरे आहेत माझे," आशाबाई म्हणाल्या. त्या स्टिअरिंगकडेच बघत होत्या. "काहीच झालं नव्हतं हातांना."

आप्पासाहेबांनी डोळ्यांत आलेला साबण पुसला.

"तुम्हाला ठाऊक व्हतं?"

नाही म्हणता आलं असतं. छे म्हणण्याची त्यांना सवयही होती.

"व्हय," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"बसवायच्या आधीपासून. मोहियोद्दीननं विचारलं व्हतं, घरात भाभी चालवतात का म्हणून."

"मग?"

"मी म्हणालो, मीच चालवतो."

टँकरवाल्यानं हॉर्न दिला. तात्यासाहेब काहीतरी बोलायला तोंड उघडून पुढे आले आणि दोघांचे चेहरे बघून तसेच मागे सरले. आशाबाईंनी रिव्हर्स टाकला, मान वळवून पाहिलं आणि एका हातानं, एका फटक्यात, गाडी दोन खांबांच्या मधे नेऊन सरळ उभी केली. टँकर आत गेला. आप्पासाहेब अनवाणी आपल्या गाडीपाशी चालत गेले.

"आशा," ते म्हणाले, "चल, आत्ताच्या आत्ता निघू. कन्नडला जाऊ. तू चालव. मी मागं बसतो."

आशाबाईंनी पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिलं. त्या रागावलेल्या असत्या तर आप्पासाहेबांना बरं वाटलं असतं.

"कन्नडला कोण आहे आता?"

टाकीत पाणी पडल्याचा धो धो आवाज सुरू झाला. गॅलऱ्यांतून बायका बादल्या घ्यायला आत पळाल्या.

"न्हाणीत नळ चालू ठिवून आला असाल," आशाबाई म्हणाल्या. "जा, बंद करा. वाहून जाईल आहे तेवढं पाणी."

आप्पासाहेब गेले. नळ खरोखरच चालू होता. तो बंद करून, डोक्यावरचा साबण तसाच ठेवून, त्यांनी खिडकीतून खाली पाहिलं. आशाबाई अजून गाडीतच होत्या. इंजिन बंद, काच वर केलेली, आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर.